क्षेपणास्त्र कुठे टांगायचे? लढाऊ विमानांच्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातील ‘मरुत’ विमानाच्या नाकात 30 मिलिमीटरच्या चार तोफा होत्या; त्या काळी लढाऊ विमानाचे मुख्य शस्त्र असे धडातच बसवलेले असे. क्षेपणास्त्रांनी ही रचना मोडली. 24 सप्टेंबर 1958 रोजी तैवानच्या सेबर विमानांनी पंखांखालून सोडलेल्या साइडवाइंडर क्षेपणास्त्रांनी चिनी मिग पाडली आणि हवाई युद्धात क्षेपणास्त्राचा शिरकाव झाला.

वजन मध्यरेषेपासून जितके दूर, तितके विमान कूस बदलायला जड होते. शिवाय एका बाजूचे क्षेपणास्त्र सुटले की दुसऱ्या बाजूचे वजन आणि हवेचा अवरोध वैमानिकाला सावरावा लागतो. अमेरिकेच्या फँटम लढाऊ विमानाच्या रचनाकारांनी म्हणून चार स्पॅरो क्षेपणास्त्रे पोटाखालच्या खाचांत अर्धवट बुडवली. मात्र तिथून क्षेपणास्त्र आधी खाली ढकलावे लागते आणि मगच त्याची मोटर पेटते. पंखाचे टोक गैरसोयीचेच असते असेही नाही, कारण एफ-16 मध्ये टोकावरील वजनामुळे पंखांची घातक फडफड आटोक्यात राहते.

डावपेचांवर याचा परिणाम किती खोल असतो, हे आपल्या मिग-21 इतके स्पष्ट क्वचितच दिसते. मिग-21 एफएलच्या पंखांखाली के-13 जातीची दोनच क्षेपणास्त्रे मावत आणि तीव्र वळणात ती सोडता येत नसत. अंगची तोफ नसल्याने पोटाखाली तोफेची पेटी लावण्यात आली, पण त्याच जागी जादा इंधनाची टाकी लागत असल्याने तोफ घेतली की पल्ला घटत असे. तरीही 12 डिसेंबर 1971 रोजी कच्छच्या आखातावर पाकिस्तानी स्टारफायटर विमान पडले ते या तोफेनेच, आणि माझ्या मते ती पेटी लावण्याचा निर्णय त्या एका लढतीनेच योग्य ठरवला.

मुंबई हे घरबंदर असलेल्या ‘विराट’ या विमानवाहू जहाजावरील सी हॅरियर लढाऊ विमानापुढे प्रश्न परतीचा होता. हे विमान मॅजिक क्षेपणास्त्रे पंखांखाली नेत असे आणि जहाजावर सरळ खाली उतरत असे. त्या क्षणी पंखांना उचल नसते. नाक, शेपटी आणि पंखांची टोके यांतून सुटणारे हवेचे झोतच तोल राखतात. अरबी समुद्रावरील उष्ण हवेत इंजिनाचा जोर आधीच घटलेला असतो, त्यामुळे न वापरलेल्या क्षेपणास्त्रांचे वजन, आणि त्यातही एकाच बाजूला उरलेले वजन, वैमानिकाला उड्डाणापूर्वीच उतरण्याच्या हिशेबात धरावे लागे.