फाइल-अंत दोष

फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामने फाइल संपली की नाही हे चुकीच्या वेळी तपासल्यामुळे होणारा दोष. सी भाषेतील नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये तो फार आढळतो. गुणपत्रकाची फाइल वाचून छापायला घेतली, की शेवटच्या विद्यार्थ्याचे नाव दोनदा उमटते.

असा प्रोग्राम ‘एफईओएफ’ हे फंक्शन ‘फाइल संपली’ असे सांगेपर्यंत वाचण्या-छापण्याचा लूप, म्हणजे त्याच सूचनांची आवर्तने, चालवतो. दोषाचे कारण या फंक्शनच्या अर्थात आहे. पुढे मजकूर उरला आहे का, हे ते सांगत नाही. आधीचे वाचन फाइलच्या टोकाला जाऊन थडकले का, एवढेच सांगते. शेवटची नोंद ‘एफस्कॅनएफ’ या वाचणाऱ्या फंक्शनने वाचली, तरी तिच्यामागचे नवओळीचे चिन्ह शिल्लक असते. लूप आणखी एकदा फिरतो, वाचन फसते, व्हेरिएबलमध्ये जुन्याच किमती राहतात आणि त्याच पुन्हा छापल्या जातात. फाइलच्या शेवटी नवओळ नसेल तर हा दोष बहुधा दिसतच नाही. म्हणून तोच प्रोग्राम एकाच्या फाइलवर बरोबर चालतो आणि दुसऱ्याच्या फाइलवर चुकतो.

हा गैरसमज पास्कल या भाषेतून आला असे एक मत आहे. पास्कलमधील ‘ईओएफ’ वाचण्यापूर्वीच पुढचे पाहून उत्तर देते, त्यामुळे तिथे हाच लूप बरोबर ठरतो. परंतु पास्कल कधीही न पाहिलेले विद्यार्थीही हीच चूक करतात. तेव्हा फंक्शनच्या नावानेच दिशाभूल होत असावी, हे अधिक संभवनीय वाटते.

फाइल-अंत हे फाइलमध्ये साठवलेले अक्षर आहे, ही समजूत मात्र निराधार नाही. सीपी/एम ही जुनी संगणक-प्रणाली फाइलची लांबी १२८ बाइटांच्या पटीत मोजत असे. त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपतो हे दाखवायला २६ क्रमांकाचे अक्षर, म्हणजे कंट्रोल-झेड, वापरावे लागे. ही खूण त्याआधीच्या डेक या संगणक कंपनीच्या प्रणालींवरून घेतली असावी. पुढे डॉस या प्रणालीमध्ये बाइटगणिक लांबी नोंदली जाऊ लागली, तरी संकेत टिकला. म्हणून विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर समजून, उघडलेली चित्राची फाइल २६ हा बाइट येताच अर्ध्यात संपल्यासारखी दिसते. युनिक्समध्ये असे अक्षरच नाही. कंट्रोल-डी ही केवळ टर्मिनलची खूण आहे.

एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘गेटसी’ फंक्शनचे उत्तर ‘इंट’ (पूर्णांक) प्रकाराऐवजी ‘कॅर’ (एका बाइटाचे अक्षर) प्रकारात ठेवणे ही याच जातीची चूक. ‘कॅर’ चिन्हयुक्त असल्यास २५५ हा बाइट उणे एक, म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘ईओएफ’ या सीमधील फाइल संपल्याच्या खुणेचीच किंमत, ठरतो आणि वाचन मध्येच थांबते, चिन्हरहित असल्यास लूप थांबतच नाही.

दोष शोधताना वाचलेली प्रत्येक किंमत चौकटी कंसांत छापून पाहावी, म्हणजे मोकळ्या जागा व नवओळी उघड्या पडतात. उपाय म्हणजे ‘एफस्कॅनएफ’ने किती किमती भरल्या तो आकडा लूपच्या अटीतच तपासणे.

लिहिण्याच्या बाजूचे दोष वेगळे: ‘डब्ल्यू’ (लिहिण्याच्या) मोडमध्ये फाइल उघडताच जुना मजकूर पुसला जातो, आणि ‘एफक्लोज’ने फाइल बंद करण्यापूर्वी प्रोग्राम कोसळल्यास बफरमधला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, मजकूर फाइलपर्यंत पोचत नाही.