रणगाडाविरोधी रायफलची काडतुसे

रणगाड्याचे चिलखत भेदण्यासाठी, एकदोन सैनिकांना वाहून नेता येईल अशा रायफलकरिता बनवलेली, मोठ्या दारूभाराची काडतुसे. त्यांचा काळ स्थूलमानाने १९१८ ते १९४५ असा धरला जातो.

ब्रिटिश रणगाडे १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या आघाडीवर उतरले, तेव्हा जर्मन पायदळाची भिस्त नेहमीच्या ७.९२ मिमी. रायफलमधील पोलादी गाभ्याच्या ‘के’ गोळीवर होती. मार्क ४ रणगाड्याच्या सुधारित चिलखतापुढे ती अपुरी ठरल्यावर माउझर कारखान्याची १३.२ मिमी. रायफल १९१८ मध्ये आघाडीवर आली. तिचे १३.२ × ९२ मिमी. (गोळीचा व्यास × पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याची, लांबी) काडतूस रणगाडे व विमाने या दोहोंविरुद्धच्या नियोजित मशीनगनसाठीही होते. शंभर मीटरवरून ते सुमारे २० मिमी. पोलाद भेदी.

अमेरिकेचे १२.७ मिमी. (०.५० इंची) ब्राउनिंग काडतूस या जर्मन काडतुसावरूनच घेतले, असे पुष्कळ ठिकाणी म्हटलेले आढळते. मात्र अमेरिकेतील काम जर्मन नमुने हाती येण्यापूर्वीच सुरू झाले होते आणि ब्राउनिंगच्या पुंगळीची घडण ०.३० इंची लष्करी काडतुसाचीच, मोठ्या प्रमाणात वाढवलेली आहे. जर्मन पुंगळीला बुडाशी किंचित बाहेर आलेली, अर्धवट कडा असते, अमेरिकी काडतुसाच्या अंतिम रूपात ती नाही. हस्तगत जर्मन काडतुसांच्या अभ्यासाने वेग व भेदनक्षमता यांचे लक्ष्य उंचावले, एवढाच प्रभाव मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान दोन वाटा दिसतात. एक, मोठा व्यास व जड गोळी. ब्रिटिश बॉइझ रायफलचे (१९३७) १३.९ मिमी. काडतूस याच वाटेचे. त्याच्या पुंगळीला बुडाशी पट्टा असे. पुढे गोळी हलकी करून तिचा वेग सेकंदाला सुमारे ७५० मीटरवरून ८८० मीटरपर्यंत नेण्यात आला.

दुसरी वाट लहान व्यास आणि प्रचंड वेगाची. पोलंडच्या १९३५ नमुन्याच्या रायफलची ७.९२ × १०७ मिमी. काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे १,२७५ मीटर वेगाने सुटे. तिच्यात टंगस्टनचा गाभा होता हे विधान बऱ्याच लेखनात आले आहे, पण ते ग्राह्य नाही. गाभा शिशाचाच होता. मऊ शिसे आघाताने चपटे होऊन आपली ऊर्जा चिलखतावर टाकी आणि आतल्या बाजूने पोलादाची चकती तुटून उडे. ती रणगाड्यातील माणसांना जखमी करी. भेदनासाठी कठीण गाभा हवाच, या समजुतीला छेद देणारे हे उदाहरण असल्याने त्याची चर्चा याहून अधिक व्हायला हवी. या वेगाची किंमत नळीच्या झिजेत मोजावी लागे. जर्मनीच्या ‘पाट्रोने ३१८’ या काडतुसात १३.२ मिमी. वर्गाच्या पुंगळीचे तोंड ७.९२ मिमी. पर्यंत आवळले होते. गोळीच्या बुडाशी अश्रुधुराची छोटी कुपीही असे. तिचा उपयोग झाल्याचे दिसत नाही.

सोव्हिएत १४.५ × ११४ मिमी. काडतुसाने वेग आणि वजन दोन्ही साधले. सुमारे ६४ ग्रॅमची बी-३२ ही गोळी पोलादी गाभ्याची, तर १९४१ ची बीएस-४१ टंगस्टन कार्बाइड गाभ्याची होती. स्वित्झर्लंड, फिनलंड व जपान यांनी २० मिमी. काडतुसे वापरली.

चिलखताची वाढती जाडी आणि अमेरिकी बाझूका, ब्रिटिश पिआट यांसारखी पोकळ स्फोटभाराची (स्फोटाची ऊर्जा एका ठिकाणी एकवटणारी) अस्त्रे यांमुळे १९४३ नंतर ही काडतुसे मागे पडली. १४.५ मिमी. काडतूस मात्र सोव्हिएत व्लादिमिरोव्ह मशीनगनमुळे टिकले; तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यात बनणाऱ्या ‘विध्वंसक’ रायफलची एक आवृत्ती याच काडतुसासाठी आहे.