लेदर कोरल मिटलंय, पण कात टाकतंय की सडतंय?

नवीन लेदर कोरल, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात ते मऊ, चामड्यासारखं प्रवाळ, आणलं की आठवड्याच्या आत सांगली-मिरजेच्या आमच्या टँकवाल्या मंडळींपैकी कोणाचा तरी मेसेज ठरलेला, "भावा, मेलंय वाटतंय, काढून टाकू का?" आणि सोबत निळ्या लाइटमधला फोटो, ज्यात काही म्हणजे काही कळत नाही. आधी पांढरा लाइट लावा हो. मिटलेलं, आकसलेलं, मळकट पडलेलं लेदर दोन अगदी वेगळ्या कारणांनी तसं दिसतं, एकात त्याला हात लावायचा नसतो आणि दुसऱ्यात आजच्या आज ब्लेड घ्यावं लागतं, आणि लोक नेमकं उलटं करतात.

मी बोलतोय ते टोडस्टूल लेदरबद्दल, म्हणजे सार्कोफायटन, खाली जाड देठ, वर गोल डोकं आणि त्यावर आठ-आठ बोटांचे बारीक पॉलिप, म्हणजे फुलासारखे उघडमीट करणारे कोरलचे छोटे जीव. लेदरच का, तर दगडी सांगाड्याची सगळी कोरलं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात, दुकानदार कितीही "चालतंय की" म्हणाला तरी मी त्या भानगडीत पडत नाही.

तर पहिलं, कात टाकणं. पॉलिप सगळे आत जातात, एखाद-दुसरा नाही, सगळेच. डोकं गुळगुळीत होतं आणि त्यावर मेणचट चकाकी येते, मग त्यावर धूळ, शेवाळ बसून ते आणखीनच घाण दिसायला लागतं आणि इथंच माणूस घाबरतो. पण जवळून बघा, काही दिवसांनी कडेला एक पातळ पापुद्रा सुटलेला दिसतो, वेव्हमेकरच्या (टाकीत लाटा करणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात फडफडतो, तुकड्या-तुकड्याने निघून जातो आणि खालची कातडी स्वच्छ असते. देठ ताठच असतो, आणि वास नसतो. अंगावर बसलेलं शेवाळ आणि कचरा झटकायची ही त्याची रीतच आहे, प्रवासाने किंवा नव्या लाइटने ताण आला की ते हमखास करतं. चार दिवसांत उरकतं, कधी दोन-तीन आठवडेही घेतं. कोरल नव्या जागेत तेवढा वेळ मागणारच, पण आपल्याला दुसऱ्या दिवशी फुललेला फोटो स्टेटसला टाकायचा असतो ना.

आता सडणं. हे सगळीकडे एकदम नसतं, एका ठिकाणापासून सुरू होतं, बहुतेक वेळा देठाच्या बुडाशी, जिथं ते वाळूत टेकलंय किंवा दगडाला घासलंय, नाहीतर जिथं विकणाऱ्याने कापलंय तिथं. डाग तपकिरी-काळा किंवा पांढुरका, आणि रोज थोडा पसरतो. पापुद्रा कोरडा सुटतो, पण सडलेला भाग बुळबुळीत होऊन विरघळतो, हलकं बोट लावलं तरी ढगासारखं पाण्यात पसरतं. शंका असली तर मगात टाकीचंच पाणी घेऊन कोरल त्यात ठेवा आणि वास घ्या, सडक्या अंड्याचा आला तर विषय संपला.

कात टाकत असेल तर करायचं फार थोडं. प्रवाह मध्यम आणि उलटसुलट ठेवा, म्हणजे पापुद्रा अडकून बसत नाही, लाइट थोडा कमी किंवा कोरल खाली, आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन (रसायनं शोषून घेणारा कोळसा) टाका, कारण लेदर पाण्यात टर्पीन नावाची रसायनं सोडतं आणि शेजारची कोरलं त्याने मिटतात. पापुद्रा ओढून काढू नका, जागा रोज बदलू नका. मिटण्याचं कारण मात्र शोधा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, टाकीवर फॅन लावला तर पाणी दोन-तीन डिग्री उतरतं खरं पण तेवढंच भराभर उडतंही, मीठ मागेच राहतं आणि खारटपणा चढत जातो. कमी झालेलं पाणी साध्या आरओ पाण्यानेच भरायचं, मिठाच्या नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५-२६, एवढं टिकलं तरी पुष्कळ झालं. रात्रभर ट्रॅव्हल्समधून आलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवा, मग अर्धा तास थोडंथोडं टाकीचं पाणी त्यात घाला, आणि पिशवीतलं पाणी मोरीत.

सडत असेल तर "बघू उद्या" चालत नाही. कोरल टाकीबाहेर काढा, टाकीत कापाकापी अजिबात नको, सगळा चीक पाण्यात उतरतो. हातमोजे घाला, नवीन ब्लेडने सडक्या भागाच्या थोडं पलीकडे, चांगल्या मांसात काप घ्या, मग कोरलसाठी मिळणाऱ्या आयोडीन डिपमध्ये, म्हणजे जंतू मारणाऱ्या द्रावणात, बाटलीवरच्या मापाने बुडवा आणि चांगल्या प्रवाहात परत ठेवा. बूड पूर्ण गेलं असेल तरी नुसतं डोकंही जगतं, लेदर त्या बाबतीत चिवट आहे. फक्त ते फेव्हिक्विकने चिकटवत बसू नका, चिकामुळे पकड धरत नाही, छोट्या दगडावर ठेवून वरून मच्छरदाणीची जाळी रबरबँडने सैल बांधा, एक-दोन आठवड्यांत ते स्वतःच दगड धरतं, मग जाळी कापून टाका.