व्हिडिओ बंद केल्यावर अभ्यास सुरू होतो

ऑनलाइन कोर्सचा शेवटचा व्हिडिओ संपतो, पडद्यावर ‘१०० टक्के पूर्ण’ असं झळकतं आणि तयारी झाल्यासारखं वाटतं. पण ती टक्केवारी किती बघितलं एवढंच सांगते. किती आठवतंय हे तिला ठाऊक नसतं.

नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा घ्या. वेळ १२० मिनिटं, आणि एकदा पुढे गेलं की आधीच्या प्रश्नावर परत येता येत नाही. त्यात सबनेटिंग येतं, म्हणजे एका नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं. समजा एका यंत्राचा आयपी पत्ता आहे १९२.१६८.१०.७७, प्रीफिक्स /२७, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २७ नेटवर्कचे. तेच चार आकड्यांत लिहिलं की होतो मास्क; त्याचा शेवटचा आकडा २२४. २५६ मधून तो वजा केला की उरतात ३२. म्हणजे ०, ३२, ६४, ९६ असे ३२-३२ चे ठोकळे. ७७ येतो ६४ च्या ठोकळ्यात. ठोकळ्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा, ६४; शेवटचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा, ९५; यंत्रांना देता येणारे पत्ते ६५ ते ९४, एकूण ३०. वाचताना सोपं वाटलं ना? आता हा परिच्छेद झाकून तोच पत्ता /२८ ने कोऱ्या कागदावर सोडवा.

हात अडखळला तर तिथेच खरी मजा आहे. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मांडलं, की प्रत्येक आठवणीला दोन ताकदी असतात. एक साठवणीची, म्हणजे ती गोष्ट मनात किती खोल रुजली आहे. दुसरी काढण्याची, म्हणजे ती या क्षणी किती सहज हाती लागते. नुकताच व्हिडिओ बघितला की दुसरी भरपूर असते, म्हणूनच ‘येतंय’ असा भास होतो. ती दोन दिवसांत घसरते. आणि गंमत अशी, की ती घसरलेली असताना प्रयत्नाने आठवलं तर साठवणीची ताकद सर्वांत जास्त वाढते. ती चढलेली असताना पुन्हा बघितलं तर फारसं काहीच वाढत नाही. थोडं विसरायला झाल्यावर उजळणी करायची ती याचसाठी.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र पालटलं: वाचणाऱ्यांना ४२, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

मात्र आठवलेलं लगेच ताडून बघायला हवं, नाहीतर चूकच पक्की होण्याचा धोका असतो. मघाचं /२८ चं उत्तर: नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ७९, पत्ते ६५ ते ७८. ब्रॉडकास्ट ८० लिहिला असेल तर तुम्ही पुढच्या ठोकळ्याचं नेटवर्क धरलंत.

उजळणीत अंतर किती ठेवायचं? परीक्षा महिन्याभरावर असेल तर एकाच धड्याच्या दोन उजळण्यांमध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. ‘मी बघून शिकणारा’, ‘मी ऐकून शिकणारा’ या शिक्क्यांवर वेळ घालवू नका. त्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा पुरावा २००८ च्या मोठ्या आढाव्यातही सापडला नाही. फुटलेल्या प्रश्नांच्या पीडीएफ विकणाऱ्यांपासून तर लांबच राहा. त्यातली उत्तरं कुणी तपासलेली नसतात, आणि पकडलं गेलं तर प्रमाणपत्रही जातं.

प्रात्यक्षिकालाही हाच नियम. संगणकावरच खोटं नेटवर्क उभारू देणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. व्हिडिओ शेजारी लावून कमांड टिपत बसलात तर सगळं चालतं. व्हिडिओ बंद करून रिकाम्या रूटरपासून सुरुवात करा: पत्ता बरोबर, मास्क बरोबर, तरी पिंग, म्हणजे दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचतंय का बघणारी हाक, जात नाही. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ ही कमांड दिली की ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेलं, असं दिसतं. रूटरचे इंटरफेस, म्हणजे जोडणीच्या जागा, मुळात बंद असतात, स्विचचे पोर्ट चालू; ते चालू करणारी ‘नो शटडाउन’ ही कमांड राहून गेलेली असते.