पेढीच्या डेटाबेसमध्ये कुणाला काय दिसावं?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरची साडी ठोक पेढीत आली की डिझाइन, नग, विणकराची मजुरी, खरेदीदर, विक्रीदर, पार्टीची उधारी असं सगळं हल्ली ऑनलाइन डेटाबेसमध्ये चढतं. काउंटर, गोदाम, दिवाणजी, सगळे मात्र मालकाच्याच लॉगिनने आत जातात. मग एखाद्या पार्टीची उधारी शून्य झाली, तर ती कुणी केली हे डेटाबेसला सांगता येत नाही. त्याच्या लेखी दिवसभर एकच माणूस काम करत होता.

अधिकार कामाला जोडायचे आणि माणसाला त्या कामावर नेमायचं, ही 'रोल'ची पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ साली मांडली. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ती ८.० आवृत्तीपासून आहे.

पेढीला तीन रोल पुरतात. गोदामाने नग बदलावेत. दिवाणजीने बिल घालावं, खोडू नये. चुकलं तर वहीतल्यासारखी उलट नोंद करावी. काउंटरला डिझाइन, शिल्लक आणि विक्रीदर एवढेच कॉलम वाचायला द्यावेत, कारण घासाघीस चालू असताना तो स्क्रीन गिऱ्हाइकालाही दिसतो. 'ग्रँट' कमांडने असे कॉलमवार अधिकार देता येतात. मात्र रिपोर्टने सरसकट सगळे कॉलम मागितले, तर परवानगी असलेले तेवढे मिळत नाहीत. अख्खी मागणीच एरर देऊन परत येते. अशा वेळी पूर्ण टेबल उघडू नका, रिपोर्टमध्ये हव्या त्या कॉलमची नावं लिहा.

रोल दिला तरी नोकराला काहीच दिसत नाही, अशी तक्रार हमखास येते. दिलेला रोल लॉगिनबरोबर आपोआप चालू होत नाही, त्यासाठी 'सेट डिफॉल्ट रोल' वेगळं द्यावं लागतं. हे ठाऊक नसलं की लोक वैतागून 'ऑल प्रिव्हिलेजेस', म्हणजे सगळेच अधिकार, देऊन मोकळे होतात.

आणि बिलिंग ॲप सगळ्यांसाठी एकाच यूजरने डेटाबेसला जोडत असेल, तर हे रोल नोकरांना लागूच होत नाहीत. तिथे तपासणी ॲपच्या सर्व्हरवर हवी. नुसतं बटण लपवून भागत नाही.

सगळ्यात जपायचा तो नोकर काम सोडतो तो दिवस. 'ड्रॉप यूजर' देऊन त्याचं खातं काढलं तरी आधीपासून उघडं असलेलं कनेक्शन तुटत नाही, त्यावरून काम चालूच राहतं. म्हणून आधी अकाउंट लॉक करा. मग 'शो प्रोसेसलिस्ट'मध्ये त्याची कनेक्शनं शोधून एकेकाचा क्रमांक 'किल'ला द्या आणि शेवटी यूजर काढा. लॉक न करता किल केलं, तर प्रोग्रॅम लगेच पुन्हा जोडला जातो. शिवाय मायएसक्यूएल नाव आणि जोडणीचा पत्ता मिळून एक खातं धरतं. त्याच नावाने दुकानातून एक आणि घरून एक अशी खाती काढलेली असतील, तर दोन्ही लॉक करावी लागतात.