रसायने, जनुके आणि आपल्या हातातील अहवाल

पाणी, धूळ व रंग यांची तपासणी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नळाचे पाणी, घरातील धूळ किंवा भिंतीचा जुना रंग यांचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत देणारे ग्राहक अहवाल हाती आल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारतात: या रसायनाचा आमच्या जनुकांवर परिणाम झाला असेल का? प्रश्न रास्त आहे, मात्र त्याचे उत्तर आमच्या अहवालात नसते, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. आम्ही मोजतो ते नमुन्यातील प्रमाण. त्यातले शरीरात किती गेले, शरीराने त्याचे काय केले आणि ते पेशीतील डीएनएपर्यंत पोहोचले का, हा त्यापुढचा प्रवास आहे आणि तो प्रत्येक रसायनाचा वेगळा असतो.

डीएनएला इजा होते म्हणजे काय होते

माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे, म्हणजे चार प्रकारचे रासायनिक घटक, असतात आणि त्यांत प्रथिने घडवण्याची माहिती बाळगणारी जनुके साधारण २०,००० आहेत. या डीएनएची झीज बाहेरचे कोणतेही रसायन नसतानाही चालूच असते. पेशीतील पाणी आणि श्वासातून आलेला ऑक्सिजन एवढ्यानेच प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी किरकोळ मोडतोड होते आणि पेशी ती निस्तरतेही. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडून दाखवल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे रसायनाचा संपर्क आला की जनुक बिघडलेच, असे समीकरण मांडता येत नाही. मोडतोड दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेली, किंवा दुरुस्ती होण्याआधीच पेशीचे विभाजन झाले, की धोका सुरू होतो.

काजळीचे उदाहरण जुने आहे आणि फार बारकाईने अभ्यासलेले आहे. धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमधील वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध इंग्लंडमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता. काजळीत आणि तंबाखूच्या धुरात असणारा बेंझोपायरीन हा पदार्थ मुळात फारसा क्रियाशील नाही. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याला बाहेर काढता यावे यासाठी यकृतातील व फुप्फुसातील एन्झाइमे त्याला ऑक्सिजन जोडू लागतात, आणि या खटपटीतच त्याचे एक मधले रूप असे तयार होते की ते डीएनएमधील ग्वानिन या अक्षराला घट्ट चिकटून बसते. जाळी काढायला जावे आणि कचरा डोळ्यात पडावा, तसाच हा प्रकार. चिकटलेला भाग कापून टाकण्याच्या आत पेशी विभागली, तर नक्कल करणारी यंत्रणा त्या जागी चुकते आणि पुढच्या पिढीतील पेशींत ‘जी’च्या (ग्वानिनच्या) जागी ‘टी’ (थायमिन) येते. आता ती इजा राहिलेली नसते, मजकूरच बदललेला असतो, आणि बदललेला मजकूर पेशीला चुकीचा वाटत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा पदार्थ पेशींच्या बेसुमार वाढीला आळा घालणाऱ्या पी५३ या जनुकात ज्या जागी चिकटतो त्या जागा शोधल्या गेल्या, आणि धूम्रपानाशी निगडित फुप्फुसाच्या कर्करोगात नेमक्या त्याच जागी वारंवार बदल आढळतात.

आर्सेनिकची तऱ्हा निराळी आहे. ते सहसा डीएनएला थेट चिकटत नाही, तर दुरुस्तीच्या यंत्रणेत अडथळा आणते. शिशाबाबत तर आम्ही ग्राहकांना आग्रहाने सांगतो की जनुकांची चिंता तूर्त बाजूला ठेवावी. शिसे शरीरात कॅल्शियमची नक्कल करते, त्यामुळे हाडांत साठते आणि मुलांच्या वाढत्या मेंदूत शिरून शिकण्याच्या क्षमतेला बाधा आणते. हे नुकसान डीएनएतील एकही अक्षर न बदलता होते आणि तेच अधिक तातडीचे आहे.

अक्षर तेच, खूण वेगळी

डीएनएतील मजकूर न बदलता जनुकाचे काम कमी-जास्त होऊ शकते. सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट या छोट्या अणुसमूहाची बारीकशी खूण लागलेली असते आणि कोणते जनुक किती वाचले जावे हे काही अंशी अशा खुणांवरून ठरते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तपेशींत एएचआरआर नावाच्या जनुकावरील ही खूण ठळकपणे घटलेली दिसते, आणि धूम्रपान सोडल्यावर ती काही वर्षांत बरीचशी भरून येते. या विषयात इतकी दिलासादायक गोष्ट क्वचितच ऐकायला मिळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गर्भार उंदरिणींना प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे बिस्फेनॉल ए हे रसायन दिल्यावर पिल्लांच्या डीएनएवरील अशाच खुणा घटल्या आणि पिल्लांच्या केसांचा रंग पिवळेपणाकडे झुकला. आहारात फोलिक ॲसिड वाढवले असता तो परिणाम झाला नाही. मात्र ती मुद्दाम निवडलेली उंदरांची जात होती, त्यावरून फोलिक ॲसिडच्या गोळ्या प्लास्टिकवर उतारा ठरतात असा निष्कर्ष काढू नये.

संपर्क केव्हा आला, यालाही महत्त्व आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक एके काळी गर्भवतींना औषध म्हणून दिले जात असे. त्या स्त्रियांच्या मुलींमध्ये तरुणपणीच योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७१ मध्ये उघडकीस आले. गर्भावस्थेत आणि पहिल्या काही वर्षांत अवयव घडत असतात, म्हणून घरात गर्भवती किंवा लहान मूल असल्यास तसे नमुन्याच्या अर्जावर अवश्य लिहावे.

एकाच पाण्याचा सर्वांना सारखा त्रास का होत नाही

अर्जेंटिनातील सान अँटोनियो दे लोस कोब्रेस या अँडीज पर्वतातील गावी पिण्याच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या आर्सेनिक होते आणि तेथील लोक हजारो वर्षे तसे पाणी पीत आले. एएस३एमटी हे जनुक आर्सेनिकवर मिथाइल गट चढवून त्याचा निचरा सुलभ करते, आणि त्याचे अधिक कार्यक्षम रूप या लोकांत असाधारण प्रमाणात आढळते. हे पाहून काही ग्राहक स्वतःची जनुकीय चाचणी करून घेण्याविषयी विचारतात. आम्ही तसे सुचवत नाही, कारण आपले जनुक कोणतेही निघाले तरी पाण्यातील आर्सेनिक काढण्याचा उपाय तोच राहतो.

अहवाल वाचताना आणि नमुना देताना

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि शिशासाठीही तेवढेच. हे आकडे म्हणजे सुरक्षित आणि विषारी यांमधील भिंत नव्हे. मोजणी आणि शुद्धीकरण यांच्या व्यावहारिक मर्यादाही त्यांत धरलेल्या असतात. ‘आढळले नाही’ याचा अर्थ आमच्या उपकरणाच्या किमान मोजमापापेक्षा कमी, असा घ्यावा; शून्य असा घेऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आर्सेनिक, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे, पण तो गट पुराव्याची बळकटी सांगतो, आपल्या घरातील प्रमाणाचा धोका सांगत नाही. या दोहोंची गल्लत वर्तमानपत्रांतही होते.

शिशाच्या तपासणीसाठी नळ किमान ६ तास बंद ठेवून मग येणारे पहिलेच पाणी बाटलीत धरावे, कारण पाणी रात्रभर पाइपमध्ये उभे राहिले की शिसे त्यात उतरते. नळ थोडा वेळ सोडून मग बाटली भरली तर अहवाल फसवा चांगला येतो. शिसे बाटलीच्या आतील बाजूलाही चिकटते, म्हणून आम्ही नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालून तो किमान १६ तास ठेवतो. अहवाल त्याच दिवशी मिळत नाही तो यामुळे. पाणी उकळल्याने आर्सेनिक किंवा शिसे जात नाही, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. शिसे असलेल्या जुन्या रंगाची धूळ सर्वाधिक सापडते ती खिडकीची झडप चौकटीला जिथे घासते त्या खाचेत. ती कोरड्या झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि रांगत्या मुलाचे हात खाण्याआधी धुवावेत.

शरीरातील विषारी द्रव्ये काढून टाकण्याचा दावा करणाऱ्या पेयांवर खर्च करू नये. बिस्फेनॉलसारखे पदार्थ संपर्क थांबला की एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. रक्तातील शिसे निम्मे व्हायला साधारण महिना लागतो, हाडांतील शिसे मात्र वर्षानुवर्षे राहते आणि कोणतेही पेय ते हलवू शकत नाही. शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची चाचणी करून घ्यावी.

फिल्टर बसवल्यानंतरच्या फेरतपासणीसाठी नमुना त्याच नळाचा, तेवढाच वेळ उभ्या राहिलेल्या पाण्याचा, आणि फिल्टरच्या आधीचा व नंतरचा असा जोडीने द्यावा. दोन आकडे शेजारी शेजारी असल्याखेरीज फिल्टर काम करतो की नाही हे आम्हालाही सांगता येत नाही.