रद्द केलेली क्वेरी सर्व्हरवर चालूच का राहते

गुहागर किंवा देवगडकडच्या एखाद्या पतसंस्थेच्या शाखेत मार्चअखेरीला व्याजाचा रिपोर्ट, म्हणजे डेटाबेसला विचारलेली मोठी क्वेरी, लावतात. लांबला की विंडो बंद करून पुन्हा लावतात. काउंटरवर एकच रिपोर्ट दिसतो, पण मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर आधीचाही सीपीयू, तात्पुरत्या फाइल्स आणि लॉक (इतरांना त्या नोंदी बदलू न देणारी कुलपं) धरून चालूच असतो. तिसऱ्यांदा लावला की सगळ्या शाखा रखडतात आणि खापर नेटवर फुटतं.

याचं मूळ जुन्या रचनेत आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस (सर्व्हरवर चालणारा स्वतंत्र प्रोग्राम) देतो. ती हिशेबात गुंतली की त्या कनेक्शनवर काय येतंय ते वाचत नाही. म्हणून ‘थांब’ हा निरोप दुसऱ्या वाटेने जातो. क्लायंट, म्हणजे शाखेतला प्रोग्राम, नवं कनेक्शन उघडून 16 बाइटचं पॅकेट पाठवतो: लांबी, 80877102 हा ठरलेला आकडा, प्रोसेस क्रमांक आणि गुप्त किल्ली. मूळ प्रोटोकॉल असाच आहे. सर्व्हर उत्तर देत नाही, त्या प्रोसेसला फक्त सिगइंट हा ‘काम थांबव’ असा सिग्नल देतो. प्रोसेस त्याची खूण ठेवते आणि कोडमध्ये पुढची तपासणी येईल तिथे थांबते. बाहेरच्या एक्स्टेन्शनच्या (जोडलेल्या जादा कोडच्या) लांबलचक लूपमध्ये ती तपासणीच नसेल, तर कितीही वेळा रद्द करा, फरक पडत नाही.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्येही ‘किल क्वेरी’ ही आज्ञा खूणच लावते. तिथे चालू असलेला मोठा अपडेट मध्येच थांबवला तर केलेले बदल उलटे फिरवावे लागतात, म्हणजे रोलबॅक. वैतागून सर्व्हर रीस्टार्ट केला तरी उरलेला रोलबॅक नंतर चालतोच. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची अडचण निराळी. डॉटनेटचा क्लायंट 30 सेकंदांनी टाइमआउट देतो, क्वेरी थांबते, पण एक्सॅक्ट_अबॉर्ट ही सेटिंग चालू नसेल तर ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा बदलांचा संच) उघडंच राहतं आणि लॉक सुटत नाहीत.

पोस्टग्रेसमध्ये उपाय तुकड्यातुकड्यांनी आले. ठरलेल्या वेळेनंतर क्वेरी थांबवणारा स्टेटमेंट_टाइमआउट 2002 मध्ये, क्वेरी रद्द करणारं पीजी_कॅन्सल_बॅकएंड 2005 मध्ये, कनेक्शनच तोडणारं पीजी_टर्मिनेट_बॅकएंड 2009 मध्ये. पण क्लायंटच नाहीसा झाला तर? पावसात वीज गेली, शाखेचा राउटर बंद पडला, तर कनेक्शन संपल्याचं पॅकेट निघतच नाही. समोरचा जिवंत आहे का हे चाचपणारा लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मूळ सेटिंगमध्ये 7200 सेकंद वाट पाहतो, मग 75 सेकंदांच्या अंतराने 9 वेळा चाचपतो. म्हणजे 2 तास 11 मिनिटं. त्यानंतर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळलं तरी गुंतलेली प्रोसेस सॉकेटकडे, म्हणजे कनेक्शनच्या टोकाकडे, वळेपर्यंत अनभिज्ञच. ही उणीव 2021 च्या 14 व्या आवृत्तीत क्वेरी चालू असतानाही ठरावीक अंतराने कनेक्शन तपासणाऱ्या क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हलने भरून काढली, पण त्याचं मूळ मूल्य 0, म्हणजे बंद. कित्येक ठिकाणी ते आजही तसंच आहे, याचं वाईट वाटतं.

हे मूल्य 10 सेकंद ठेवा. टीसीपी कीपअलाइव्हचे आकडे 60 सेकंद वाट, 10 सेकंद अंतर आणि 3 वेळा असे केले की मेलेलं कनेक्शन साधारण 90 सेकंदांत ओळखू येतं. दोन्ही सेटिंग एकत्रच लागतात. रिपोर्टच्या युजरला स्टेटमेंट_टाइमआउट वेगळा द्या. अडकलेली क्वेरी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू कामांच्या यादीत शोधा, आधी कॅन्सल, मग टर्मिनेट. प्रोसेस जबरदस्तीने मारणारी लिनक्सची ‘किल -9’ ही आज्ञा मात्र कधीच नको: एक प्रोसेस तशी मारली की पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शन तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीला, म्हणजे कोसळल्यानंतरच्या दुरुस्तीला, लागतो.